पाच मिनिटं डोळे मिटा

"आजच्या ग्रुपमध्ये कंपनीचा माणूस आहे. कोण ते मलाही माहीत नाही," सकाळी सातला बुकिंगवाल्या बाई गाईडला म्हणाल्या. "रिपोर्ट वाईट गेला तर तुमच्या जागी कानात लावायचं, माहिती सांगणारं यंत्र येणार."

गाईडला या नोकरीत बावीस वर्षं झाली होती आणि गुडघ्यांना त्याहून जास्त. बसमध्ये त्याने चौदा चेहरे न्याहाळले. खिडकीजवळच्या टकल्या काकांनी वही उघडली आणि हाच तो, असं त्याने ठरवून टाकलं.

एरवी तो प्राचीन नगराचे अवशेष खालूनच हात करून दाखवायचा. आज दोनशे बारा पायऱ्या चढला. प्रत्येक दगडाचा इतिहास सांगितला, नसला तिथे रचला.

"आणि त्या पलीकडच्या भिंती?" काकांनी विचारलं.

"चला की!"

"अहो गाईडभाऊ, दगड काही पळून जात नाहीत. आमचं काय?" मागून एक जाडजूड मावशी धापा टाकत म्हणाल्या. पण मावशींकडे वही नव्हती, म्हणून गाईडने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

दुपारी गोऱ्या साहेबाच्या काळातल्या कोर्टात पोहोचेपर्यंत त्याचा आवाज बसला होता. आत गारवा होता, लांबलचक बाक होते. त्याला अगदी रडू यायचं बाकी होतं.

"सगळे बसा. पाच मिनिटं डोळे मिटा. जुना काळ ऐका," तो म्हणाला आणि आधी स्वतः बसला.

"अहो, उठा! साडेपाच झाले!" ड्रायव्हर त्याला हलवत होता. "पुढचा थांबा, गव्हर्नरचा बंगला, बंद झाला!"

चौदाच्या चौदा जण घोरत होते. मावशींचं डोकं गाईडच्या खांद्यावर होतं. काकांची वही खाली पडली होती. त्याने ती उचलली. आत लिहिलं होतं: नळ दुरुस्त करणे. गाद्या उन्हात टाकणे. मेहुण्याला फोन, नको.

"कंपनीचा माणूस शोधताय ना? तो म्हणजे मी," मावशी जांभई देत म्हणाल्या. "महिन्यात नऊ सहली तपासल्या. पाय टेकायला सांगणारे तुम्ही पहिलेच. नोकरीची काळजी सोडा."

गाईडला खरोखरच भरून आलं.

आठवड्याने कंपनीचं पत्र आलं. नोकरी कायम. शिवाय 'जुना काळ ऐका' हा कार्यक्रम आता प्रत्येक ठिकाणी, अर्धा-अर्धा तास. प्रवाशांच्या सामानाच्या सुरक्षेसाठी त्या वेळात गाईडने जागं आणि उभं राहावं.

गाईडने पत्र दोनदा वाचलं आणि उभ्याउभ्याच गुडघे चोळले.