बकरीचा बंदोबस्त

"चोर सोडा, चोराचा बाप जरी आला ना, तरी माझा गेम फुकटात पुरा करून दाखवू दे!" दाजींनी सकाळच्या चहालाच जाहीर केलं.

मेहुण्यामुळे सगळी गल्ली त्यांना दाजीच म्हणायची. दोन वर्षांपूर्वी बिनपगारी रजा टाकून ते मागच्या खोलीत जे शिरले, ते पोस्टमनचा गेम तयार करूनच बाहेर आले. रजा महिनाअखेरीस संपत होती. गेम चालला तर ठीक, नाहीतर पुन्हा तेच टेबल आणि तोच साहेब!

"फोनवर काढा हो," बायको म्हणाली. "फोन काय, शेंबड्या पोराकडेसुद्धा असतो."

"म्हणूनच नको! फोनवर सगळे फुकटे. कॉम्प्युटरवर दर्दी लोक असतात."

"आणि तिथे चोर नसतात वाटतं?"

"असतात की! त्यांच्यासाठीच तर बकरी आहे!"

बेत असा होता, की गेम चोरून फुकट वाटणाऱ्या चोरांच्या साइटवर दाजींनी स्वतःच एक खोटी प्रत सोडायची. तिच्यात पोस्टमनच्या मागे बकरी लागणार आणि एकूण एक पत्र खाणार. पत्र पोचल्याशिवाय गेम पुढे सरकत नाही, म्हणजे चोर जन्मभर पहिल्याच गल्लीत! बकरी बायकोनं भाजी शिजेपर्यंत चितारून दिली होती. तिरळी, आणि प्रत्येक पत्रानंतर ढेकर देणारी.

दोन फायली तयार झाल्या. एकीचं नाव 'फायनल', दुसरीचं 'खरंच फायनल'. कुठली कुठे टाकायची, हे दाजींच्या डोक्यात पक्कं होतं. याच डोक्यानं एकदा चष्मा फ्रिजमध्ये आणि लोणी कपाटात ठेवलं होतं.

संध्याकाळी मेहुण्याचा फोन आला.

"दाजी, संपवला तुमचा गेम! पण मिळमिळीत हो. चाला, पत्र टाका, परत चाला!"

"विकत घेतलास ना?"

"घरच्या माणसानं विकत घ्यायचं असतं होय? फुकटात उतरवला!"

"मग... बकरी?"

"कुठली बकरी?"

दाजींनी घाईघाईनं फायली तपासल्या. अदलाबदल झाली होती. चोरांना अख्खा गेम आणि इमानदार गिऱ्हाइकाला बकरी! आता शिव्या मोजायच्या, म्हणून त्यांनी एक डोळा मिटून गेमच्या ऑनलाइन दुकानाचं पान उघडलं.

'चौदा पत्रं खाल्ली! असला निर्लज्ज प्राणी जन्मात पाहिला नाही. सगळ्या मित्रांना घ्यायला लावलाय!'

'पहिल्याच गल्लीत अडकलोय, सुखात आहे. बकरीला हात लावाल तर खबरदार!'

आणि चोरांच्या साइटवर तर बोंबच उठली होती. 'शुद्ध फसवणूक! आमच्या प्रतीत बकरीच नाही! आता झक मारत विकत घ्यावा लागणार!'

दाजींनी सावकाश मिशीवर हात फिरवला. "बेतच तसा होता माझा. साहेबाला कळवून टाकतो, येत नाही म्हणून."

"कळवा," भाजी ढवळता ढवळता बायको म्हणाली. "आणि पुढच्या गेममध्ये त्या पोस्टमनची कटकट कशाला? नुसती बकरीच ठेवू."

दाजींचा मिशीवरचा हात खाली आला. पोस्टमनची नुसती चाल जमायलाच त्यांचं अख्खं एक वर्ष गेलं होतं.