परांचीवाले परशरामअण्णा

परशरामअण्णा हुबळी-धारवाडच्या मधल्या रायापूरला आमच्या शेजारी राहायला आले, तेव्हा ओळख करून घ्यायला दारात उभे राहिले आणि नमस्कार करायच्या आधी त्यांनी आमच्या दाराची चौकट धरून गदागदा हलवली. मग समाधानानं आत आले. खुर्ची हलवली, बसले, लगेच उठले आणि माझ्या नवऱ्यानं सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या हातानं ठोकलेलं पुस्तकांचं कपाट हलवलं. ते आडवं झालं.

"हलायचं तर आत्ताच हलू दे, अक्का," पुस्तकं गोळा करत ते म्हणाले. "उद्या पडण्यापरास आज पडल्यालं बरं."

आमच्या ह्यांनी त्यांच्याशी आठवडाभर अबोला धरला. अण्णांच्या ते लक्षातही आलं नाही.

अण्णा मूळचे अळणावरकडच्या खेड्यातले. धंदा परांच्या बांधण्याचा. इमारतीला गिलावा किंवा रंग द्यायचा तर बाहेरून बांबू बांधून त्यावर फळ्या टाकतात, ती परांची. आपण बांधली की आधी आपण चढायचं, फळीवर उड्या मारायच्या, मगच गवंड्यांना वर घ्यायचं, हा त्यांचा नेम. धंद्यापुरतं ठीकच आहे. पण हा माणूस घरी आला तरी जगाला सोडत नाही. एका जागी बसलेला माणूस त्यांच्या लेखी आजारी. जेवतातसुद्धा फेऱ्या मारत. हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात दोरखंड घ्यायला गेले की दुकानाच्या छपराचे खांब हलवून बघतात. हल्ली दुकानदारच त्यांना लांबून पाहिलं की दोरखंड घेऊन रस्त्यावर येतो.

एका लग्नात तर ऐन अक्षता पडताना त्यांनी मांडवाचा खांब हलवला. मांडव बँडवाल्यांवर बसला. वऱ्हाड खवळलं, तर हे उलट त्यांनाच म्हणतात, "पंगतीवर पडला असता म्हंजे?"

कहर झाला तो रेणुकाला बघायला पाहुणे आले तेव्हा. रेणुका त्यांची एकुलती एक लेक. तिची आई लवकर गेली, तेव्हापासून घरात ही दोघंच. मुलगा चांगला होता, औषधांच्या दुकानात कामाला होता. तो चहा पीत असताना अण्णा मायेनं जवळ गेले, त्याचे दोन्ही खांदे धरले आणि हलवला. चहा पँटवर सांडला.

"काय कराल्यासा हो हे!" मुलाची आई किंचाळली.

"पोरगी द्यायची हाय. बघायला नको?"

स्थळ गेलं. रेणुका स्वयंपाकघरात माझा हात घट्ट धरून हसत होती. त्याच संध्याकाळी तिनं बापाला सांगितलं, "अप्पा, मला लग्न नको. मी परांच्या बांधणार. लोखंडी पाईपच्या."

"पाईपच्या? नळ बसवतीस काय?" अण्णांनी थट्टा केली. पण पोरगी हट्टाची. तिनं रीतसर शिक्षण घेतलं, परीक्षा दिली आणि हुबळीत देशपांडे नगरातल्या एका इमारतीच्या कामावर लागली. जाताना एकच अट घातली. "अप्पा, माझ्या कामावर यायचं न्हाई. आलासा तर मी बेंगळुरूला जाणार. तितं बोलवाल्यात मला."

त्या दिवसापासून अण्णांची झोप उडाली. सुरुवातीला रेणुका खालीच होती, पाईप जोडून द्यायला. मग एके सकाळी अण्णा आमच्या दारात आले. आज ती पहिल्यांदा वर चढणार होती.

"अक्का, देशपांडे नगरात तुमचं काय काम हाय काय?"

"नाही हो."

"असंल की. बघा आठवून."

त्यांचा चेहरा बघून मला काम आठवलं. हुबळीला जाणाऱ्या चिगरी बसमध्ये जागा असून ते उभेच राहिले आणि समोरचा दांडा हलवायला लागले. "कंबा बिड्री, यजमान्र!" दांडा सोडा म्हणून ड्रायव्हर कानडीत ओरडला, तेव्हा कुठं त्यांनी तो सोडला.

"इतका घोर लागतो तर तिला नको म्हणायचं होतं," मी म्हटलं.

"कसं म्हणू? मी वर असायचो, आन् ही एवढीशी वाळूच्या ढिगावर बसून माझ्याकडं बघत असायची. कधी रडली न्हाई. आता मला बघाय पायजे की." मग हळूच म्हणाले, "ती बेंगळुरूला गेली तर घरात मी कुणाशी बोलू, अक्का?"

आमचा थांबा आला, आम्ही उतरलो.

रेणुकाच्या इमारतीसमोर, रस्त्यापलीकडच्या फुटपाथवर टायरचं दुकान होतं, त्याच्यापुढे आम्ही उभे राहिलो. हेल्मेट घातलेली, अंगाला पट्टे बांधलेली रेणुका शिडीकडे निघाली आणि अण्णा वळले. इमारतीकडे पाठ करून, टायरांकडे तोंड करून उभे राहिले. जन्म उंचावर काढलेला माणूस, पण वर बघेना.

"मला न्हाई जमत. तुम्ही बघा. मला सांगा."

"चढली. दुसऱ्या मजल्यावर आहे."

"हूक लावला?"

"लावला."

"खाली बघालीय काय?"

"नाही."

"बघू नये. मी दिसलो म्हंजे संपलंच."

ती आणखी वर गेली. सांगताना मी आवाज धीराचा ठेवला. वरच्या फळीवर ती सरळ उभी राहिली, वळली आणि नेमकी आमच्याकडेच बघायला लागली.

"अण्णा, तिनं बघितलं."

अण्णांनी डोळे मिटून घेतले. "रागावलीय?"

"नाही. हात करतेय."

"कुणाला?"

"तुम्हाला, अण्णा."

त्यांना वळणं काही जमलं नाही. टायरांकडे तोंड करूनच त्यांनी हात वर केला, आणि तो तिला नीट दिसावा म्हणून टाचा उंचावून उभे राहिले.