आठशे ग्रॅम गेले कुठे

ज्या वर्षी शिंपीकाकांच्या मुलीचं लग्न ठरता ठरता तीनदा मोडलं, त्याच वर्षी त्यांच्या सुनेला मुलगी झाली.

दवाखान्यातला वजनकाटा दुसऱ्या खोलीत होता. तो येईपर्यंत सासूबाईंनी नातीला अंगडं, टोपडं, दोन दुपटी आणि वरून शिंपीकाकांनी शिवलेली दुलई असं बांधून टाकलं, की बाहेर फक्त नाक राहिलं.

"आजी, कपडे काढावे लागतील," नर्स म्हणाली.

"पोरीला गारठवायचंय का? तुझं लग्न झालंय?"

"नाही."

"मग घे तसंच वजन."

नोकरीला लागून तिला आठच दिवस झाले होते. तिने तसंच घेतलं आणि कार्डावर लिहिलं, तीन किलो सातशे. सासूबाईंनी तो आकडा गल्लीभर सांगितला.

दहाव्या दिवशी तीच नर्स काटा घेऊन घरी आली. सासूबाई भाजी आणायला गेल्या होत्या, त्यामुळे बाळाचे कपडे निघाले. दोन किलो नऊशे. नर्सने बाळाला उचलून पुन्हा ठेवलं. आकडा तोच.

"ताई, आठशे ग्रॅम कमी झालेत," ती म्हणाली. "दवाखान्यात भरती करावं लागेल."

नेमक्या तेव्हाच सासूबाई पिशवी घेऊन दारात आल्या. "मी म्हणतच होते, हिचं दूध पुरत नाही. अरे, जा, डब्याचं दूध आण. तोवर मी बोटभर मध चाटवते."

"मध नको, पाणीसुद्धा नको," नर्स घाईने म्हणाली. "सहा महिने फक्त आईचं दूध."

"आईचंच पाजून आठशे ग्रॅम गेले ना?"

नर्सने कार्ड पुन्हा काढून पाहिलं. सासूबाईंचा मुलगा एका पायात स्वतःची आणि दुसऱ्या पायात वडिलांची चप्पल घालून निघाला.

"डबा आणायचा नाही. बसा," सून म्हणाली. ती बाळाला पाजत होती आणि तिने मान वरही केली नाही. "दिवसभरात दहादा पिते. सात-आठ लंगोट ओले करते. दूध पोटात गेल्याशिवाय लंगोट भिजतात का?"

"मग आठशे ग्रॅम गेले कुठे?"

"मुळात होते का, ते बघू. आई, त्या दिवशी तिच्या अंगावर होतं ते सगळं आणा."

सासूबाईंनी पेटी उघडली, पण झाकण जरा जोरातच आपटलं. नर्सने सगळं गाठोडं काट्यावर ठेवलं. नऊशे ग्रॅम भरलं.

"कापूस भरताना मी हात राखला नव्हता," शिंपीकाका मशीनवरून म्हणाले.

नर्सने बोटांवर हिशोब केला, मग कागदावर केला. "म्हणजे जन्मताना दोन किलो आठशेच होती. ताई, बाळ शंभर ग्रॅमने वाढलंय."

मुलाने दोन्ही चपला काढल्या. सासूबाई कमरेवर हात ठेवून नर्ससमोर उभ्या राहिल्या.

"काय गं, एवढी शिकलेली तू, आणि कपड्यांसकट वजन करतेस?"

नर्सने सुनेकडे पाहिलं. सून बाळाचं टोपडं सारखं करण्यात फार गुंतली होती.

पुढे गल्लीत कुणी बाळंत झालं, की नर्सच्या आधी सासूबाई पोचायच्या. "आधी कपडे काढा. आणि डबा कुणी आणलाय?" असं विचारायच्या. डबा आणलेला असला तर तो मुकाट्याने परत जायचा. नर्स काटा घेऊन मागे उभी राहायची.

नात पाचवीत असताना, फेब्रुवारीच्या नऊ तारखेला सकाळी, सासूबाई वारल्या. त्यानंतर बाळंतिणीच्या दारात शिरताच "आधी कपडे काढा" असं नर्स स्वतःच म्हणू लागली.