चाल नसलेली तीनशे गाणी

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, आमचे साताऱ्याचे शेजारी, निवृत्त हवालदार हिंदुराव, यांना तीनशे गाणी पाठ होती आणि त्यांतल्या एकाचीही चाल येत नव्हती. शब्दही येत नव्हते. गाणं कुठल्या सिनेमातलं आहे, बाईनं म्हटलंय की बाप्यानं, यातलं त्यांना काहीही सांगता यायचं नाही. या निवेदनावर ज्यांना हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्यावं. मीही तेव्हा हसलो होतो.

हिंदुरावांना गाण्याचा फक्त तळ यायचा. सकाळी अंगणात दात घासता घासता ते मधेच राखुंडीचं बोट तोंडातून काढायचे आणि घसा खोल नेऊन म्हणायचे, "ढूं. ढुढूं ढूं. ढूं." मग माझ्याकडे बघून, "मास्तर, वळका."

मी शाळेत चित्रकला शिकवायचो, त्यामुळे सारा गाव मला मास्तर म्हणायचा. मी आपला अंदाजानं एखादं गाजलेलं प्रेमगीत सांगायचो.

"आवं, त्येच्यात चवथ्या जागंला दोन ढूं हायत. ह्यात एकच हाय. एवढं बी कळंना व्हय?"

मग दिवसभर माझ्याशी अबोला. संध्याकाळी स्वतःच येऊन उत्तर सांगायचे. सांगायचे म्हणजे पुन्हा तेच ढूं ढूं म्हणायचे, फक्त सावकाश.

त्यांचा तसा दोष नव्हता. वीस वर्षं पलटणीच्या बँडमध्ये त्यांनी सगळ्यात मोठा पितळी भोंगा वाजवला होता. अजगरासारखा अंगाभोवती विळखा घालून बसणारा, डोक्यावर परातीएवढं तोंड असलेला. पुढच्या रांगेतले चाल वाजवायचे, लोक त्यांच्याकडे बघायचे. हिंदुराव मागून ढूं ढूं करत चालायचे. पलटणीनं त्यांना तीन गोष्टी शिकवल्या होत्या. हुकूम मिळाल्याशिवाय थांबायचं नाही. वाजवताना तोंडातून शब्द काढायचा नाही. आणि सुरांच्या पुढंपुढं करणाऱ्यांना भाव द्यायचा नाही. एकदा संचलनात त्यांच्या मिशीवर गांधीलमाशी बसली होती. ती चावली, उडाली, पुन्हा येऊन चावली. हिंदुरावांचा ढूं चुकला नाही. "बोललो आसतो तर पट्टी गेली आसती," असं म्हणून ते दंडावरच्या नसलेल्या पट्टीवर हात ठेवायचे.

"वरचं कुनी बी वाजवंल. पाया बघा, पाया." हे त्यांचं पालुपद. ते सगळ्याला लागू होतं. आमच्या हेडमास्तरांचं भाषण ऐकून ते म्हणाले, "आवाज झ्याक हाय, पन पाया न्हाई." पिठाच्या गिरणीत दळण टाकलं की घरी न जाता तिथंच भिंतीला पाठ लावून, डोळे मिटून उभे राहायचे. औंधाजवळ त्यांच्या मेव्हण्याची विहीर होती, तिच्यावर डिझेलचं इंजिन. एकदा आम्ही हुरडा खायला गेलो, तर हे इंजिनापाशी उकिडवे बसून राहिले. हुरडा गार झाला. शेवटी मी बोलवायला गेलो तेव्हा म्हणाले, "पाया लय चांगला हाय ह्येचा. पन वर कुनी न्हाई."

मी हा किस्सा त्या आठवड्यात शाळेच्या स्टाफरूममध्ये तीनदा सांगितला.

त्यांच्या घरात दुसरं कुणी नव्हतं. बायको त्यांच्या नोकरीच्या काळातच गेली. तार पोचली तेव्हा हे बर्फात होते. मूलबाळ नव्हतं. त्यांनी एकदाच हे सांगितलं, तेही घड्याळ किती वाजले सांगावं तसं. पुढं मी विचारलं नाही.

आता माझ्याबद्दल. शाळा माझी पोटापुरती, खरा जीव ऑर्केस्ट्रात. सांगलीच्या 'गुलछडी ऑर्केस्ट्रा'चा मी निवेदक होतो. पांढरा कोट, खिशात लाल रुमाल, आणि दोन गाण्यांच्या मधे असं काही बोलायचं की लोकांनी पुढचं गाणं लवकर सुरू व्हावं म्हणून टाळ्या वाजवाव्यात. मिरजेपासून लोणंदपर्यंत गुलछडीचं नाव होतं. सिनेमातली गाणी रेकॉर्डबरहुकूम वाजवणं हा आमचा बाणा. मालक अण्णा अॅकॉर्डियन वाजवायचे, आणि गायिका सुलभाताई गायला लागल्या की मागच्या रांगेतले शेंगा फोडायचे थांबायचे.

एका गणपतीत साताऱ्यात आमचा कार्यक्रम झाला. हिंदुराव स्टेजच्या कडेला आले आणि आमच्या बेसगिटारवाल्याच्या अँप्लिफायरवर तळहात ठेवून तीन तास उभे राहिले. आशीर्वाद दिल्यासारखे. सुलभाताई चार फुटांवर गात होत्या, पण त्यांच्याकडे यांनी मान वळवली नाही.

आठवड्याभरात त्यांच्या घरातून ठोकाठोकी ऐकू यायला लागली. पलटणीतली लोखंडी ट्रंक, तिला ठोकलेला बाभळीचा दांडा, आणि त्यावर ताणलेल्या सायकलच्या ब्रेकच्या चार तारा. आमचा बेसवाला साताऱ्याला आला की त्याला गाठून त्यांनी खऱ्या गिटारीवर बोटं कुठं पडतात ते शिकून घेतलं, आणि बाकी सगळं ट्रंकेवर. दोन वर्षं. रोज सकाळी साडेपाचला ढूं. आमच्या भिंतीवरच्या खुंट्या हलायच्या. माझी बायको म्हणाली, अहो, त्यांना एकदा नीट सांगा.

मी नीट सांगायला गेलो. विचारलं, हवालदार, हे कशासाठी?

त्यांनी ट्रंकेवर फडकं फिरवलं. "मास्तर, बासरीवाला एकटा वाजवतो, लोक वा म्हनत्यात. पाया एकट्यानं वाजवला की म्हनत्यात, डोस्कं फिरलं." आणि पुन्हा ढूं. नीट सांगायचं राहूनच गेलं.

आणि मग तो योग आला. आमचा बेसवाला साखर कारखान्यात कायम झाला आणि सासऱ्यानं त्याला ऑर्केस्ट्रा सोडायला लावला. अण्णांनी नवा माणूस शोधायला रविवारी सकाळी लोकांना बोलावलं. मी पैज लावल्यासारखं सांगून टाकलं, माझ्याकडे एक अस्सल माणूस आहे. वय विचारलं तेव्हा मी लाल रुमालानं नाक पुसलं.

हिंदुरावांना हे मी संध्याकाळी सांगितलं. दुसऱ्या दिवशी मिशांना कलप लावलेला दिसला. साडेपाचचा ढूं साडेचारवर आला.

एस.टी.त त्यांनी मागच्या चाकावरची जागा पकडली, पायाखालून येणारा आवाज ऐकायला. मांडीवर ट्रंक. कंडक्टर म्हणाला, हे वर टपावर टाका. हिंदुराव म्हणाले, हे वाद्य आहे. कंडक्टरनं झाकण उघडायला लावलं. आत दाढीचं सामान, दोन बनियन आणि भाकरी निघाली. पुढं कराडपर्यंत कंडक्टर आमच्याकडे फिरकला नाही.

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्यातली एक गोष्ट मुद्दाम दोनदा सांगितली. अण्णांचे दोन्ही हात अॅकॉर्डियनवर असतात, म्हणून ते मानेनं खूण करतात. अण्णांनी मान खाली घातली की थांबायचं.

"मान खाली म्हंजे थांब," हिंदुराव म्हणाले. हुकूम नोंदला गेला.

सांगलीत, विश्रामबागेतल्या अण्णांच्या घराच्या मागच्या हॉलमध्ये सगळे जमले होते. आणखी एकच उमेदवार होता, इंजिनिअरिंगच्या कॉलेजचा पोरगा. केस खांद्यापर्यंत, पँटचे पाय एवढे रुंद की चालताना आधी पँट पुढं जायची. त्यानं वाजवलं मात्र झकास. बोटं उंदरासारखी पळाली. अण्णा माझ्या कानात म्हणाले, "झालं की ओ काम. आता तुमच्या आजोबांना उगं कशाला तरास देताय?"

मी म्हणालो, इतक्या लांबून आलेत, एक गाणं ऐका.

हिंदुरावांनी गिटार गळ्यात घातली, टाचा जुळवल्या. गाणं सुरू झालं आणि पहिल्या ढूंला अण्णांची भुवई वर गेली. चोख होता. अगदी रेकॉर्डबरहुकूम. मी श्वास सोडला. तो फार लवकर सोडला.

कारण हिंदुराव चालायला लागले.

वीस वर्षांत एका जागी उभं राहून त्यांनी कधी वाजवलं होतं? जागच्या जागी डावा-उजवा, डावा-उजवा, आणि कडवं संपलं की खाडकन पीछे मुड. दर कडव्याला एक. अँप्लिफायरपासून गिटारीपर्यंतची वायर त्यांच्याभोवती एकेक वेढा घ्यायला लागली. दुसऱ्या कडव्याला कमर, तिसऱ्याला छाती. हात झाडून ती काढावी असं त्यांना वाटेना. उलट चेहऱ्यावर समाधान पसरलं. अंगाला विळखा असल्याशिवाय या माणसानं कधी वाजवलंच नव्हतं. चौथ्या पीछे मुडला अँप्लिफायर स्टुलावरून निघाला आणि तबलेवाल्यानं तो मांडीवर झेलला. कॉलेजचा पोरगा भिंतीला डोकं लावून हसत होता. अण्णांनी मान खाली घातली. हिंदुराव थांबले, वायरीतल्या वायरीत सावधान.

आम्ही तिघांनी मिळून त्यांना सोडवलं. कलप घामानं मिशीवरून हनुवटीवर आला होता. ते फक्त एवढंच म्हणाले, "अजून येक संधी, साहेब. चालायचं न्हाई आसं आदी कुनी सांगितलं न्हवतं."

अण्णा मनानं हळवे. म्हणाले, "बरं बरं. पण हलायचं नाही. उभं राहायचं बघा, खांबासारखं."

दुसरं गाणं संथ होतं, वाट बघण्याचं. सुलभाताईंनी पहिलं कडवं घेतलं आणि फाटकन लाइट गेली. त्या वर्षी ती जायची तेव्हा सांगून जात नसे आणि येतानाही नाही. पंखा थांबला, माईक मेला, बेसचा आवाज बंद पडला. अण्णांनी अॅकॉर्डियन बाजूला ठेवलं आणि सगळे बाहेर पडवीत आले. भडंग आलं, चहा आला. अण्णांनी त्या पोराला पुढच्या रविवारच्या कार्यक्रमाची वेळसुद्धा सांगितली. वीसेक मिनिटं गेली आणि कुणाच्या तरी लक्षात आलं की हवालदार बाहेर आलेले नाहीत.

पुढं काय झालं ते गुलछडीतला प्रत्येक माणूस पुढं कितीतरी वर्षं सांगत होता, आणि सगळे एकच सांगायचे. पडवीत चहा पितापिता एकदम लाइट आली आणि आतून गाणं उसळलं. सुलभाताईंचा आवाज आणि त्याच्याखाली बेस, अचूक, मधल्या कडव्याच्या मधल्या ओळीत. अण्णांना वाटलं, रेडिओ लागला. आत धावले तर हिंदुराव खांबासारखे उभे, नजर अण्णांच्या रिकाम्या स्टुलावर. लाइट नसतानाही हा माणूस वीस मिनिटं वाजवत होता, कारण अण्णांची मान खाली गेलेली त्यानं पाहिली नव्हती. अण्णा हातात कपबशी घेऊन गाणं संपेपर्यंत उभे राहिले, मग सावकाश मान खाली घातली. हिंदुराव थांबले. पोराला अण्णांनी स्वतः समजूत घालून वाटेला लावलं. हिंदुराव नऊ वर्षं गुलछडीत होते, आणि ते खांबाला बांधल्यासारखे उभे राहिले की मी प्रेक्षकांना हा किस्सा सांगायचो.

पण लाइट यायच्या आधीचं मी कधी माईकवर सांगितलं नाही.

हवालदारांसाठी चहाचा कप घेऊन मी आत गेलो होतो. सुलभाताई त्यांची गाण्याची वही राहिली म्हणून माझ्या मागून आल्या. हॉलमध्ये अंधुक होतं. हिंदुरावांची बोटं तारांवर चालली होती आणि आवाज असा नव्हताच. कपाट वाळवीनं कुरतडावं तेवढा. मी म्हणालो, हवालदार, लाइट गेलीय. त्यांनी मान हलवली, माहीत होतं. बोटं थांबली नाहीत. मला हसू आलं.

सुलभाताईंनी मला गप्प केलं. जवळ जाऊन वाकल्या आणि गिटारीच्या लाकडापाशी कान नेला. थोडा वेळ तशाच राहिल्या. मग तिथंच, त्यांच्या बाजूला, मेलेल्या माईकपाशी उभं राहून, अगदी हलक्या आवाजात त्यांनी दुसरं कडवं उचललं. तीनशे गाण्यांत ज्यांनी एकदाही गाणाऱ्याकडे पाहिलं नव्हतं, त्या हिंदुरावांनी मान वळवली आणि बाईंच्या तोंडाकडे पाहिलं.

पडवीत कुणीतरी मोठ्यानं हसलं. बाई ओशाळल्या आणि अर्ध्या ओळीवर थांबल्या.

गांधीलमाशी चावली तरी वाजवताना ज्यांनी ओठ उघडला नव्हता, ते बोटं न थांबवता बोलून गेले, "बाई, थांबू नगा. लय वर्सांनी वर कोन तरी हाय."