हसऱ्या मुद्रेतील बालक

प्रणित मेश्राम हा कुरखेड्याच्या एका सरकारी कार्यालयात कनिष्ठ लिपिक. मुलगी मैथिली पाच वर्षांची होणार म्हणून त्याने एक दिवसाची किरकोळ रजा मागितली. अर्जात कारण खरे लिहिले, ही त्याची पहिली चूक. आजोबांना तिसऱ्यांदा मारले असते, तर रजा मुकाट मंजूर झाली असती.

गेल्या वाढदिवसाला तो निवडणुकीच्या कामावर होता आणि त्याआधीच्या वर्षी गावोगावच्या शेळ्या मोजत होता. त्यामुळे यंदा मैथिलीने आठवडाभर आधीच बजावले होते, "बाबा, दिवसभर तू माहा. आपन एका ताटात जेवू." प्रणितने शब्द दिला होता.

रजा मंजूर झाली, पण सोबत परिपत्रक आले. अपत्याच्या वाढदिवसाची रजा यापुढे 'हरित आनंद उपक्रमा'अंतर्गतच उपभोगता येईल. कर्मचाऱ्याने एक रोप लावावे आणि कर्मचारी, रोप व 'हसऱ्या मुद्रेतील बालक' या तिघांचे छायाचित्र जागेवरूनच, दुपारी चारच्या आत ॲपवर चढवावे. अन्यथा गैरहजेरी लागेल.

पाच मिनिटांचे तर काम! सकाळी पुनमने लेकीला ओवाळले आणि प्रणित रोप घेऊन निघाला. जंगल त्याच्या मागच्या दारापासूनच सुरू होत होते. ॲपने मात्र जागा साफ नाकारली. 'येथे आधीच झाडे आहेत. कृपया ओसाड जागा निवडा.' तासभर फिरूनही ओसाड जागा सापडेना. शेवटी आपसूक उगवलेली मोहाची अकरा रोपटी उपटून त्याने हातभर जमीन ओसाड केली. उपटलेल्यांचा फोटो कोणी मागितला नव्हता.

ॲप खूश झाले आणि तेवढ्यात रेंज गेली.

दुपारपर्यंत ती परतली नाही. गावात हमखास रेंज येते ती फक्त पाण्याच्या टाकीपाशी. तिथे सगळे सिमेंट. प्रणितने दोन घमेली माती आणून सिमेंटवर ढीग केला, त्यात रोप खोचले आणि घरी निरोप धाडला. तीन वाजता पुनम मैथिलीला घेऊन आली. बाबाशिवाय जेवणार नाही म्हणून पोर सकाळपासून उपाशी होती.

"हस बेटा, इकडे पाहून हस."

"तू जेवाले काऊन नाई आला?" म्हणत मैथिलीने भोकाड पसरले.

'बालकाची मुद्रा अमान्य', ॲपने कळवले. गुदगुल्या झाल्या, माकडासारखे तोंड करून झाले. मुद्रा सात वेळा अमान्य झाली. इतक्यात कार्यालयातून जाहिदचा फोन आला. उपक्रमाची आकडेवारी तोच भरत असे.

"प्रणितभाऊ, दहा मिनिटं राह्यली. साहेब सोता पाहून राह्यले."

"पोरगी रडून राह्यली, जाहिदभाई. काय करू?"

"मंग दुसरी उभी करा ना! हासते का नाई, येवढंच पाह्यते ते ॲप. कोनाची हाय ते थोडीच पाह्यते!"

प्रणितची माकडचेष्टा पाहून शेजारच्या सोनीबाईची नात बुधरी मघापासून टाकीला टेकून खिदळत होती. त्याने तिचा हात धरला, रोपाजवळ उभे केले, खांद्यावर बापाचा हात ठेवला. फोटो पहिल्याच झटक्यात मान्य झाला. ते पाहून मैथिलीला इतके वाईट वाटले, की तिचे रडणेच थांबले. ती आईचे बोट धरून गुपचूप घरी गेली.

प्रणित मागोमाग धावतच पोचला. हातपाय न धुताच त्याने ताट वाढून घेतले, तिच्यासमोर मांडी घातली आणि पुरीचा घास पुढे केला.

"चल बेटा, आता आपन एका ताटात जेवू."

"मी जेवली," मैथिली म्हणाली. "तू बुधरीले बोलाव."

तेवढ्यात समोर ठेवलेला फोन टिंगटिंग वाजू लागला. मंजूर छायाचित्र कार्यालयाच्या, गावाच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर पोचले होते. 'कन्या अगदी बापाच्या वळणावर गेली आहे,' असे साहेबांनी लिहिले. मैथिलीच्या सख्ख्या मामाने तीन केक आणि चार लाल बदाम पाठवले. रात्रीपर्यंत दोनशे सतरा जणांनी आशीर्वाद दिले आणि पोरगी दुसऱ्याची आहे हे एकाच्याही ध्यानात आले नाही. त्या नावांवरून जरा बोट फिरवून पाहा. तुमचा अंगठा वरून चाळिसावा आहे.