हिराजीकाकांची चाल

पेणला रामवाडीच्या रस्त्यावर सकाळी कुणी भरभर चालताना दिसलं, की हिराजीकाका त्याच्या शेजारी चालू लागतात. ओळख असो वा नसो. "नाव, गाव आन् काल काय जेवलास त्ये सांग. थांबायचा नाय, चालता चालता सांग." माणूस नीट बोलला तर पास. धापा टाकायला लागला तर, "इंजान तापलाय तुझा. कमी कर!"

एकदा त्यांनी एसटीमागे धावणाऱ्या एका बाईंनाच गाठलं. एसटी गेली. बाईंनी काकांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, तोही एका दमात. काका खूश. "तुमचा इंजान एकदम बेस हाय, बाई!"

ही परीक्षा त्यांच्या डॉक्टरीणबाईंची. काकांचा जन्म मिठागरात गेला. साठीनंतर त्यांना ब्लडप्रेशर निघालं. मिठाच्या पाट्या वाहिलेला माणूस. त्यांना वाटलं, घाम गाळला की उतरेल. दुसऱ्याच दिवशी कॉलेजच्या पोरांबरोबर टेकडीवरच्या देवळाकडे धावत सुटले. निम्म्या पायऱ्यांवर डोळ्यांपुढे अंधारी आली. पोरांनीच उचलून दवाखान्यात आणलं.

"काका, एकदम धावायचं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रोज अर्धा तास चाला. चालताना बोलता आलं पाहिजे. पण गाणं म्हणता येत असेल, तर चाल कमी पडतेय. गोळी चुकवायची नाही. आणि मीठ कमी."

"जल्मभर मीठ पिकवला, आन् माज्याच ताटातला मीठ उचलला!" काका महिनाभर सगळ्या आळीला सांगत होते. पण ऐकलं सगळं.

मी गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे रंगवतो. दिवसभर बैठक. माझंही प्रेशर वाढलेलं निघालं, तसा काकांनी माझा ताबा घेतला. "पेंटर, देवाला डोळे देतोस आन् सोताचा पोट दिसत नाय तुला?" चार-पाच महिन्यांत माझे आकडे जरा खाली आले. मी आनंदानं सांगितलं, तर काका एकदम गंभीर झाले. "गोळी सोडू नको हां."

रविवारी मात्र काका नसत. "रोह्याला काम हाय." कसलं, ते कधी सांगितलं नाही.

एका रविवारी मूर्तींच्या ऑर्डरसाठी मीही रोह्याला निघालो, आणि गाडीत काका समोर. चोरी पकडल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. रोहा आलं. मग म्हणाले, "चल, आलायस तर."

एका गल्लीत घराच्या पायरीवर त्यांचा धाकटा भाऊ धर्मा बसला होता. कंपनीत तीन शिफ्ट करणारा धट्टाकट्टा माणूस; वर्षापूर्वी लकवा मारला आणि डावी बाजू गेली. डॉक्टरांनी आता हळूहळू चालायला सांगितलं होतं. पण पडायच्या भीतीनं तो अंगणाबाहेर जात नव्हता. काका कित्येक रविवार नुसते त्या पायरीवर बसून परत आले होते.

आज मात्र धर्मा चालायला तयार झाला. तो काठी शोधायला आत गेला, तेव्हा काका हळूच म्हणाले, "त्याच्या प्रेशरच्या गोळ्या म्याच बंद केल्या रे. बरा हायस ना, मग कशाला खातोस, बोललो. मोठ्या भावाचा ऐकला त्यानं."



धर्मा बाहेर आला. काकांनी त्याची डावी बाजू धरली. पेणच्या रस्त्यावर सगळ्यांना हाकणारा हा माणूस इथे एक पाऊल टाकून थांबत होता, भावाचं पाऊल पडलं की पुढचं टाकत होता. विजेच्या दुसऱ्या खांबाला धर्मा टेकला. कपाळ घामेजलं होतं.

"बस. आजला इतकाच," काका म्हणाले.

धर्मानं गल्लीच्या टोकाकडे पाहिलं. तिथून कुंडलिका नदीचं पाणी दिसत होतं.

"दादा, अजून एक खांब जाऊया."

काकांनी मान फिरवून पंच्यानं तोंड पुसलं. मग खाली वाकून धर्माच्या चपलेचा निसटलेला पट्टा घट्ट केला, आणि दोघं पुढे निघाले.