सामंत मास्तरांचं इंजिन

दिगंबर सामंत करंगळीएवढे झाले आणि बायकोच्या टेबलावरच्या रेल्वेत स्टेशनमास्तर म्हणून रुजू झाले. त्यांच्या पत्नी वैजयंतीबाईंना हे सकाळी चहाच्या वेळी कळलं. नेहमीच्या सोफ्यावर ते नव्हते म्हणून त्यांनी घरभर पाहिलं, आणि मुलीच्या खोलीत, टेबलावरच्या स्टेशनात, पांढरा कोट घालून ते फलाटावर येरझारा घालताना दिसले. कोट कुठून आला हे त्यांनी सांगितलं नाही. वैजयंतीबाईंनीही विचारलं नाही. अंगाला बरोबर बसला होता.

सांगलीच्या त्या तीन खोल्यांच्या घरातली ही खोली मुलीचं लग्न झाल्यापासून वैजयंतीबाईंची होती. दोन मोठी टेबलं जोडून त्यांनी त्यावर रूळ टाकले होते. थर्माकोलचा डोंगर, डोंगरात बोगदा, लाकडाच्या भुशाची कुरणं आणि मधोमध एक जुन्या काळचं स्टेशन. कौलं त्यांनी पुठ्ठ्याची एकेक कापून बसवली होती. दिगंबररावांनी या खोलीत कधी फारसा पाय ठेवला नाही. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर ते सोफ्यावर बसत आणि समोरच्या भिंतीकडे बघत. जेवायला हाक मारली की उठत. काही विचारलं तर "बघू" म्हणत. मग एका दुपारी ते कात्री शोधत त्या खोलीत आले, स्टेशनापाशी वाकले आणि म्हणाले, "इथं मास्तर कोण आहे?"

"कोणी नाही," वैजयंतीबाई म्हणाल्या.

"असं कसं चालेल," दिगंबरराव म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी ते तिथे होते.

माणूस लहान झाला तरी आवाज मोठा झाला, असं वैजयंतीबाईंच्या लक्षात आलं. स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येई. सिग्नलची दोरी सैल आहे. फलाटावर भुसा सांडलाय. दुपारी वैजयंतीबाई बशीत भाताची चार शितं आणि आमटीचा थेंब घेऊन जात, तेव्हा ते स्टेशनामागच्या मास्तरांच्या क्वार्टरच्या पायरीवर बसून जेवत आणि सकाळपासून काय काय झालं ते सांगत. खरं तर काहीच झालेलं नसे. पण ते सांगत.

दिवाळी झाल्यावर त्यांनी इंजिनाचा विषय काढला. टेबलावर विजेवर चालणारं एक साधं निळं इंजिन होतं. ते आलं की दिगंबरराव पाठ फिरवून उभे राहत.

"स्टेशन वाफेच्या काळातलं आहे," ते म्हणाले. "पाण्याचा नळ आहे, कोळशाचा ढीग आहे. हे निळं डबडं पाणी पीत नाही, कोळसा खात नाही. मी इथं कशासाठी उभा आहे?"

"वाफेचं आणायचं तर निवडून आणावं लागेल. बघू पुढच्या वर्षी."

"पुढच्या वर्षी उपयोग नाही. मार्गशीर्ष संपायच्या आत वाफेचं इंजिन आलं नाही तर या स्टेशनातलं पद रद्द होतं. नियम आहे."

"आणि पद रद्द झालं तर?"

"मूळ जागी परत जावं लागेल."

"मूळ जागी म्हणजे कुठे?"

"सोफ्यावर," दिगंबरराव म्हणाले, आणि कोटाचं वरचं बटण लावू लागले.

त्या शनिवारी दोघं एसटीनं कोल्हापूरला गेले. दिगंबरराव चष्म्याच्या डबीत बसले होते. डबीत वैजयंतीबाईंनी रुमालाची घडी घातली होती आणि हवा यावी म्हणून झाकण किलकिलं ठेवलं होतं. कंडक्टरनं डबीत डोकावून बघितलं.

"पासष्ट पूर्ण आहेत का?"

"सदुसष्ट," डबीतून उत्तर आलं.

"मग अर्धं तिकीट. सीट वेगळी लागेल?"

"खिडकी असली तर."

खिडकी नव्हती, म्हणून ते डबीतच राहिले.

मेंगाणेंचं दुकान महाद्वाराजवळच्या एका बोळात होतं. पुढे पतंग, कॅरम आणि क्रिकेटच्या बॅटी. आत, काचेच्या कपाटात, रेल्वे. मेंगाणे जाडसर, सावकाश बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी डबी काउंटरवर ठेवायला लावली, खाली मखमलीचा तुकडा अंथरला आणि दिगंबररावांना हात जोडले.

"या साहेब. कुठल्या टेबलावर असता?"

"सांगली. एकेरी मार्ग, एक बोगदा."

"बरं, बरं. वैनी, तुम्ही बसा की स्टुलावर. साहेबांना निवांत बघू द्या."

त्यांनी पहिलं इंजिन काढलं. बाटलीच्या रंगाचं हिरवं, पितळी घुमट, लाल चाकं. बटण दाबलं तेव्हा धुराड्यातून पांढरा धूर निघाला आणि आतून शिटी वाजली. वैजयंतीबाईंना ते फार आवडलं. दिगंबरराव मखमलीवरून चालत त्याच्याजवळ गेले, बॉयलरला तळहात लावला.

"गार आहे," ते म्हणाले.

"विजेवरचं आहे साहेब. धुरासाठी वरून तेलाचे दोन थेंब सोडायचे."

"म्हणजे उदबत्ती."

"आता तसं म्हटलं तर तसंच."

दुसरं इंजिन लांबलचक, काळंभोर, मागे कोळशाची वेगळी गाडी जोडलेली. त्यात खरी वाफ होत होती. दिगंबरराव त्याच्या चाकाशेजारी उभे राहिले तर चाक त्यांच्या छातीपर्यंत आलं. त्यांनी टोपी काढली. मग त्यांनी वैजयंतीबाईंना विचारलं, "बोगद्याच्या पुढचं वळण घेईल का हे?"

"नाही घेणार. डोंगर हलवावा लागेल."

"डोंगर हलवायचा नाही," ते म्हणाले, टोपी घातली आणि पुढे चालू लागले.

तिसरं इंजिन आखूड होतं. काळं, दोन्ही अंगांना पाण्याच्या टाक्या, उंच धुराडं. पोटात स्पिरिटचा छोटा दिवा होता. तो पेटवला की टाक्यांतलं पाणी तापून खरी वाफ होई, आणि टाक्या लहान असल्यामुळे दर थोड्या फेऱ्यांनी पाणी भरावं लागे.

"कुठल्या सालचं?" दिगंबररावांनी विचारलं.

"गेल्या वर्षीचं. घडण जुनी."

"म्हणजे नवीन जुनं."

"होय साहेब. जुनं जुनं आता चालत नाही, कपाटात नुसतं शोभतं. नवीन जुनं चालतं."

दिगंबररावांना हे पटलं. आतली व्यवस्था बघायला ते पायरीवरून इंजिनात चढले आणि दिसेनासे झाले. खटखट आवाज येत राहिला.

तेव्हा मेंगाणे स्टुलाकडे झुकले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "वैनी, एक विचारू? राग मानू नका. साहेब परत यावेत असं वाटतंय का तुम्हाला?"

वैजयंतीबाईंनी रिकाम्या डबीतली रुमालाची घडी सारखी केली.

"वाटत असंल तर हे हिरवं घेऊन जा. दिसायला वाफेचंच आहे, पण नियमात बसत नाही. पद आपोआप रद्द होतंय. एकांनी वडलांसाठी नेलं माझ्याकडनं. आले की वडील, आठ दिवसांत. पहिल्यासारखे, पूर्ण उंचीचे."

"मग आता काय करतात ते?"

"बसलेले असतात," मेंगाणे म्हणाले.

वैजयंतीबाईंनी हिरव्या इंजिनाकडे बघितलं. रात्री घरात फ्रीजचा आवाज किती येतो हे त्यांना अलीकडेच कळलं होतं. पलंगाच्या दुसऱ्या बाजूला धुतलेल्या कपड्यांचा ढीग पडून राहू लागला होता. कुणाला तरी दार उघडायला सांगावं, पाठीला मलम लावून घ्यावं, असल्या गोष्टींसाठी पूर्ण उंचीचा माणूस लागतो. आणि हिरवं इंजिन सुंदर होतं. निवड चुकली असं कुणालाही म्हणता आलं नसतं.

काळ्या इंजिनाच्या खिडकीतून दिगंबररावांनी डोकं बाहेर काढलं. नाकाला काजळी लागली होती.

"वैजू," ते म्हणाले, "इथं पाण्याची पातळी बघायला काचेची नळी आहे. अगदी खरी. ये, बघ."

लग्नाला चाळीसहून जास्त वर्षं झाली होती. एखादी गोष्ट बघायला त्यांनी "ये" म्हणून बोलावल्याचं वैजयंतीबाईंना आठवेना. त्या स्टुलावरून उठल्या, वाकल्या आणि चष्मा वर करून नळी बघितली. खरंच होती.

"हे काळं बांधून द्या," त्यांनी मेंगाणेंना सांगितलं.

मेंगाणेंनी हिरवं इंजिन परत कपाटात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काळं इंजिन रुळावर चढलं. वैजयंतीबाईंनी पळीनं पाणी भरलं, दिवा पेटवला. वाफ धरू लागली. दिगंबरराव हिरवं निशाण घेऊन फलाटावर आले, इंजिनाभोवती एक फेरी मारली, आत डोकावले आणि निशाण गुंडाळलं.

"ड्रायव्हर कुठाय?"

"मी आहे ना. इथून बोटानं दांडा सरकवला की चालतं."

"बाहेरून बोट घालून चालवलेल्या गाडीला मी सिग्नल देणार नाही. अपघात झाला तर जबाबदारी कुणाची?"

वैजयंतीबाईंनी ड्रॉवरमधून प्लास्टिकचा ड्रायव्हर शोधून काढला आणि इंजिनात उभा केला. दिगंबरराव त्याच्याशी बोलून आले.

"हा उत्तर देत नाही," ते म्हणाले. "कामावर असताना अशा अवस्थेत असणं योग्य नाही. उतरवा."

त्याला उतरवलं. वैजयंतीबाईंनी मेंगाणेंना फोन लावला. ते म्हणाले, इंजिन बनवणारे ड्रायव्हर देत नाहीत, घरचाच लागतो. मला वाटलं तुम्ही ठरवूनच नेताय.

फोन ठेवून त्या टेबलापाशी येऊन बसल्या. इंजिन फुसफुसत उभं होतं. आजवर त्यांनी गाड्या वरूनच चालवल्या होत्या. बोगद्यात गाडी शिरली की ती बाहेर येईपर्यंत आत काय होतं, ते त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. आणि बोगदा त्यांनीच केला होता.

"तिकडे यायचं कसं?" त्यांनी विचारलं.

दिगंबररावांनी प्रामाणिकपणे विचार केला. "सांगता येत नाही. मी कात्री शोधत होतो."

वैजयंतीबाईंनी दिवा विझवला. उठून गॅस बंद केला, दूधवाल्याला उद्यापासून येऊ नको म्हणून कळवलं, मुलीला फोन करून सांगितलं की बाबांच्या स्टेशनवर नोकरी निघाली आहे. मुलगी म्हणाली, "आई, गुडघ्याला झेपेल का?" त्या म्हणाल्या, इंजिनाला तीनच पायऱ्या आहेत. घराची किल्ली शेजारच्या पाथरेबाईंकडे दिली. झाडांना पाणी घालायचं आणि त्या खोलीतला पंखा लावायचा नाही, एवढं समजावलं. पाथरेबाईंनी दोन्ही गोष्टी पुन्हा म्हणून दाखवल्या.

मग त्यांनी परत दिवा पेटवला. पाण्याची नळी दिसते का म्हणून त्या वाकल्या. नीट दिसेना, म्हणून आणखी वाकल्या. डोकं खिडकीशी आलं, तोंडावर गरम हवा आली, तोल जाईल असं वाटून त्यांनी हात टेकायला काहीतरी धरलं. धरलं तो दांडा होता. पितळी, कोमट आणि हाताच्या मापाचा.

बाहेरून शिटी ऐकू आली. दिगंबरराव फलाटावर उभे होते, पूर्ण उंचीचे, निशाण हातात धरून. त्यांचे कान एवढे मोठे आहेत हे वैजयंतीबाई विसरूनच गेल्या होत्या.

"नाव?" दिगंबररावांनी विचारलं.

"वैजयंती दिगंबर सामंत."

"यापूर्वीचा अनुभव?"

"वरून. अकरा वर्षं."

"चालेल," ते म्हणाले आणि हिरवं निशाण दाखवलं.

दांडा ओढल्यावर सगळं इंजिन आधी थरथरलं आणि मग निघालं. वैजयंतीबाईंना वाटलं होतं त्यापेक्षा आवाज कितीतरी मोठा होता. कुरणं गेली. भुशाचे कण दगडांएवढे दिसत होते. एक गाय त्यांनी पूर्वी घाईत चिकटवली होती, ती तिरकी उभी होती आणि जाताना तिचा एकच डोळा दिसला. बोगद्यात शिरल्यावर त्यांनी इंजिनातला कंदील वर धरला. आतल्या भिंतीला डिंकानं लावलेली जुनी वर्तमानपत्रं होती. माणसाएवढ्या अक्षरांत लग्नाच्या जाहिराती, कांद्याचे भाव, कुठल्या तरी गावच्या पाणीपुरवठ्याची बातमी. हे सगळं अंधारात इतकी वर्षं कुणी वाचत नव्हतं, याचं त्यांना थोडं वाईट वाटलं. मग उजेड आला, वळण आलं. इंजिनानं ते न कुरकुरता घेतलं. खिडकीला कोपर टेकवून त्या बाहेर वाकल्या आणि उगाचच एकदा शिटी वाजवली.

पुढे स्टेशन दिसू लागलं. मास्तर फलाटावर होते. वैजयंतीबाईंनी दांडा ढकलला, ब्रेक फिरवला, आणि इंजिन स्टेशनच्या पाटीपासून जरा पुढे जाऊन थांबलं.

"एक हात पुढे गेलात," दिगंबरराव म्हणाले.

"सवय होईल."

"कुठून आलात?"

"इथूनच."

"वाटेत काही?"

"एक गाय तिरकी आहे. बोगदा वाचण्यासारखा आहे."

दिगंबररावांनी मान डोलावली. ड्युटीवर असताना ते हसत नसत. क्वार्टरच्या चुलीवर चहा उकळल्याचा वास येत होता; इतक्या दिवसांत त्यांनी चहा करायला शिकून घेतलं असावं. वैजयंतीबाई तीन पायऱ्या उतरून खाली आल्या. फलाटावर एकच बाक होता. त्याला त्यांनी दोनदा हिरवा रंग दिला होता, पण त्यावर कधी बसल्या नव्हत्या.

"गाडी इथं किती वेळ थांबते?" त्यांनी विचारलं.

"ते ड्रायव्हरनं ठरवायचं नसतं."

"मग कोणी ठरवायचं?"

दिगंबररावांनी मागे वळून सिग्नलकडे बघितलं. मग निशाण काळजीपूर्वक गुंडाळलं, काखेत धरलं आणि चहा आणायला आत जाता जाता म्हणाले,

"मी अजून सिग्नल दिलेला नाही. बसा."